लिंबाखालची ओल

ऑर्केस्ट्रातले सगळे लालासाहेबाला भित्रा म्हणायचे. तोंडावर नव्हे, पण त्याच्या कानावर पडेल इतपत मोठ्यानं. सतरा वर्षं पलटणीच्या बँडात काढलेला, बर्फात डाव्या हाताची दोन बोटं गोठवून घरी आलेला माणूस. बंदुकीला तो कधी भ्याला नसेल, पण विजेच्या दोन उघड्या तारा दिसल्या की त्याच्या कपाळाला आठी पडायची. कार्यक्रमाच्या गावी ट्रक थांबला की बाकीचे चहा कुठं मिळतो ते शोधायचे आणि हा विजेचा खांब कुठं आहे ते शोधायचा. मालक बाळासो म्हणायचा, याला मुलगी दाखवायला नेलं होतं तेव्हा यानं आधी तिच्या घरातला फ्यूज बघितला असणार.

हसायला काय जातं? मिरजेकडच्या एका लग्नात लालासाहेबानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. दुसऱ्या एका पार्टीचा गिटारवाला, चांगला तिशीतला गडी, एका हातानं गिटारच्या तारा धरून माईकपाशी वाकला आणि नुसतं ‘हॅलो’ म्हणायला गेला. ओठ माईकच्या जाळीला लागले आणि तो जागच्या जागी ताठ झाला. लोकांना वाटलं, कसली तरी नक्कल करतोय. लोक हसले. ते हसू लालासाहेबाच्या कानातून आजवर गेलं नव्हतं. त्र्याहत्तर सालच्या त्या वैशाखात, सांगलीहून ट्रक निघाल्यापासून त्याच्या मनात पाल चुकचुकत होती ती त्यामुळंच.

कारण आज बेस गिटार त्याच्या गळ्यात नसणार होती. आज ती गुंडा वाजवणार होता.

गुंडा त्याचा धाकटा भाऊ, पंधरा वर्षांनी धाकटा. वडील लवकर गेले, तेव्हा भाऊ कसला, पोरासारखाच वाढवलेला. पलूसजवळच्या मळ्यात उसाला पाणी पाजता पाजता त्याला गिटारचं वेड लागलं ते लालासाहेबाचं बघूनच. लालासाहेबाची गोठलेली बोटं आता दिवसेंदिवस आखडत चालली होती. बेसच्या जाड तारा दाबायच्या म्हणजे कळ खांद्यापर्यंत जायची. तेव्हा दोन वर्षं त्यानं गुंडाला घरी बसवून शिकवलं, आणि आज त्याला पहिल्यांदा लोकांपुढं उभा करायचा होता. निघताना आई, मनुबाई, दारात येऊन एवढंच म्हणाली होती की याला नेतोयस तसा परत आण. ती दर वेळी असं काहीतरी म्हणायचीच. पण आज ते लालासाहेबाच्या काळजात रुतून बसलं होतं.

गिटार पुण्याच्या एका गोवेकर वादकाकडून घेतलेली, जुनी, पण दांडा सरळ. अँप्लिफायर सांगलीतल्या एका रेडिओवाल्यानं घरी बनवलेला. सागवानी खोकं, आत पंधरा इंची स्पीकर, आणि वजन असं की उचलायला चार माणसं लागायची. त्या खोक्यावरच दोघं भाऊ बसले होते आणि विटा गाव मागं पडेपर्यंत लालासाहेबाचं तोंड बंद झालं नव्हतं. खोक्याखाली दोन विटा घालायच्या, नाहीतर स्टेजच्या फळ्याच वाजायला लागतात. खोकं ड्रमवाल्याच्या शेजारी ठेवायचं, आणि त्याच्या हाताकडं नाही, उजव्या पायाकडं बघायचं. पट्ट्याची कडी दोरीनं बांधून घ्यायची, भर गाण्यात गिटार खाली आली म्हणजे अब्रू जाते. कार्यक्रमाआधी मैदानाच्या टोकाला, जिथं शेवटचा माणूस बसणार तिथं जाऊन ऐकून यायचं, कारण बेस जवळ कमी कळतो आणि लांबवर पोचतो. आवाज आपल्याला हवा वाटतो त्याहून थोडा कमीच ठेवायचा. फ्यूज उडाला तर सिगरेटच्या पाकिटातला चांदीचा कागद गुंडाळायचा नाही, मग बाळासो कितीही बोंबलू दे. चुकलास तर थांबायचं नाही आणि तोंड वाकडं करायचं नाही.

“लोकांस्नी तू ऐकू येनार न्हाईस,” तो म्हणाला. “पर तू थांबलास की समद्यांस्नी कळतंय. ह्ये ध्यानात ठिव.”

गुंडा मान हलवत होता. त्याला हे सगळं पाठ होतं. तो खुशीत होता, नवा सदरा घातला होता, आणि मायणीच्या पुढं दोन्ही बाजूला रान उघडं-बोडकं होत गेलं तसा गप्प गप्प होत गेला. त्यानं असं रान पाहिलं नव्हतं. विहिरींच्या तोंडाला काटे लावून ठेवलेले, रस्त्याच्या कडेला दुष्काळी कामावरच्या बाया खडी फोडत बसलेल्या, आणि झाडं म्हणाल तर फांद्यांचे नुसते खराटे. शेळ्यांसाठी पाला ओरबाडून नेलेला.

म्हसवडच्या पलीकडच्या एका वाडीवर ट्रक थांबला. धनगरांची चाळीस-पन्नास घरं. गावच्या बिरोबाची जत्रा होती. एरवी दुष्काळात नैवेद्यावर भागवली असती, पण धुळा धनगराचा थोरला पोरगा लष्करात होता, दोन वर्षांपूर्वीच्या लढाईतून हातीपायी धड परत आला होता, आणि त्याच्या आईनं, हरणाबाईनं, देवापुढं शहरातला मोठा बाजा लावीन असा नवस बोलला होता. बोललेलं दोन वर्षं राहिलं होतं. आता आणखी थांबलो तर देव काय म्हणेल, म्हणून हा घाट. वाड्यावस्त्यांवरून माणसं चालत येणार, त्यांना दिवस बुडायच्या आत घर गाठता यावं म्हणून कार्यक्रम दुपारी चारला.

धुळा स्वतः पुढं आला. लाल पटका, खांद्यावर घोंगडं, साठीचा असेल पण काठीसारखा सरळ. पलटणीतला माणूस आलाय कळल्यावर त्यानं लालासाहेबाचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला आणि पोराची पलटण कुठली, आता तो कुठं आहे, सगळं सांगितलं. त्याच्या मागं देवळापासून ओढ्यापर्यंत हंड्या-घागरींची रांग लागलेली होती. माणसं नव्हती, नुसती भांडी. टँकर तीन दिवसांनी यायचा आणि आजचा अजून आला नव्हता.

खरी पंचाईत पुढं झाली. गावात वीज होती, पण फक्त पिठाच्या गिरणीपुरती. गिरणीच्या मोटारीला तीन तारा लागतात त्या होत्या. दिवा लावायचा, अँप्लिफायर चालवायचा, तर एक तार करंट आणणारी आणि एक परत नेणारी लागते. ती परत नेणारी तार गेल्या वळवात तुटली ती तुटलीच. मोटारीचं काही अडत नव्हतं, तेव्हा ती कुणी जोडली नव्हती, आणि घराघरांत रॉकेलच्या चिमण्याच होत्या.

बाळासोला याचं काहीच वाटलं नाही. त्यांच्या मुलखात ही रोजचीच गोष्ट. पलूसकडं मळ्यात तार एकच असली की शेतकरी एक लोखंडी सळई पाटाच्या कडेला ओल्या मातीत ठोकतात, परतीच्या तारेचं टोक तिला गुंडाळतात, झालं. करंट मातीत जातो. काळी भुई, हातभर खाली पाणी, ती कितीही करंट पिते. बाळासोच्या ट्रकमध्ये तसली सळई कायम असायची.

स्टेजच्या मागं त्यांनी ती ठोकायला घेतली. वीतभर आत गेली आणि मुरमाला लागली. घणाचे घाव घातले तरी पुढं जाईना. लालासाहेबानं बल्ब लावून बघितला. बल्बच्या आतली तार विडीच्या टोकासारखी नुसती लाल झाली, त्यापुढं काही नाही. बल्ब मंद म्हणजे माती करंट पीत नाही. आणि माती पीत नाही म्हणजे तो सळईतच उभा राहणार, सळईतून तारेत, तारेतून खोक्यात, खोक्यातून गिटारच्या तारांवर. तिथं गुंडाची बोटं असणार होती.

यावरचा उपाय त्याला माहीत होता. सळईभोवती खड्डा करायचा, दोन मुठी मीठ टाकायचं आणि पाच-सहा घागरी पाणी ओतायचं. उपाय अगदी सोपा. तो त्या भांड्यांच्या रांगेपर्यंत चालत गेलासुद्धा. तिथं हरणाबाई उभी होती, आपल्या घागरीपुढं कुणी दुसऱ्यानं घागर सरकवली नाही ना ते बघत. लुगड्याचा पदर डोक्यावरून ओढून घेऊन तिनं विचारलं की पाव्हण्यांना काय हवंय. लालासाहेबाच्या जिभेवर शब्द आला होता. पण सहा घागरी पाणी द्या, मला ते जमिनीत ओतायचंय, असं या बाईला कुठल्या तोंडानं सांगायचं? तो म्हणाला, काही नाही, जरा गाव बघतोय. आणि खरोखर गाव बघायला गेल्यासारखा पुढं चालू लागला. त्याला स्वतःची लाज वाटत होती, आणि ती पाणी मागण्याची होती की न मागण्याची, हे त्याचं त्यालाच कळेना.

देवळाला वळसा घालून तो मागच्या बाजूला आला आणि थबकला. तिथं एक कडुलिंब उभा होता. मोठा नव्हे, पुरुषभर उंचीचा, पण हिरवागार. सबंध वाडीत तेवढंच एक हिरवं. बुडाची माती काळपट दिसत होती. लालासाहेबानं खाली बसून चिमूट उचलली, बोटांत दाबली. गोळी झाली.

त्याचा जीव हलका झाला. खाली कुठंतरी झरा असणार, ओल वर येत असणार, म्हणूनच तर झाड तगलं, असं तो धरून चालला. दुसरं काही त्याच्या मनातच आलं नाही. तो कृष्णाकाठचा माणूस. त्याच्या मुलखात ओल असते ती असते. ती कुठून आली असं कुणी विचारत नाही, तसं त्यानंही विचारलं नाही.

सळई लिंबाच्या बुडाशी कोपरापर्यंत आत गेली. तार लांबवून स्टेजपर्यंत आणली. बल्ब लावला तर पिवळा का होईना पण बऱ्यापैकी पेटला. बाळासो म्हणाला, बघ, उगाच जीव खात होतास. शेळ्या किंवा पोरं सळईपाशी जाऊ नयेत म्हणून लालासाहेबानं बाभळीच्या काट्या तोडून आणल्या आणि झाडाभोवती कंबरेएवढं गोल कुंपण घातलं. हाताला चार-दोन काटे लागले. आता या बाजूची काळजी मिटली असं त्याला वाटलं.

पण स्टेजवरची मिटली नव्हती. गिटारच्या तारा एका हातात धरून त्यानं दुसऱ्या हाताची पालथी बाजू माईकला लावली. पालथीच लावायची, हे तो गुंडाला शंभरदा सांगून चुकला होता. करंटनं मूठ आवळली तर ती आपल्याकडं आवळते, माईकवर नाही. हाताला मुंग्या आल्या. फार नाही, पण आल्या. म्हणजे ओल होती ती पुरेशी नव्हती. सळईत करंट थोडा उभा होताच.

त्यानं बाळासोला बाजूला घेतलं आणि सांगितलं की कार्यक्रम नको, नुसत्या पेटीवर आणि ढोलकीवर गाणी म्हणू. बाळासोनं मैदानाकडं बोट दाखवलं. तिथं हजारभर माणूस बसलं होतं, कडेवर पोरं, डोक्यावर उन्हाला पदर. तीन-तीन कोस चालून आलेली. धुळाचं तोंड आनंदानं फुललं होतं. बाळासो म्हणाला, या माणसाला तू जाऊन सांग, मी नाही सांगत. लालासाहेब गेला नाही. तो गेला तो घोंगडं मागायला. पाणी मागायची लाज वाटली होती, घोंगडं मागायला कसली लाज? धुळानं खांद्यावरचं काढून दिलं. कोरडी जाड लोकर होती. लालासाहेबानं त्याची चौपदरी घडी करून गुंडाच्या जागेवर अंथरली, माईकला फडकं गुंडाळलं, आणि बजावलं की काही झालं तरी घोंगड्यावरून पाय खाली टाकायचा नाही, कोरसला तोंड माईकपासून वीतभर लांब ठेवायचं.

“दादा, किती भ्याचं मानसानं?” गुंडा हसून म्हणाला.

“तुज्यापायी भ्यातोय,” लालासाहेब म्हणाला. एवढं उघड तो भावाशी कधी बोलला नव्हता.

आणि तेवढ्यात हरणाबाई परात आणि तांब्या घेऊन पायऱ्यांशी आली. वाडीतल्या दोन बाया तिच्याबरोबर होत्या. टँकर अजून आला नव्हता, म्हणजे हे घरात उरलेलं शेवटचं पाणी होतं. लालासाहेब पुढं होऊन म्हणाला की मावशी, हे नको, आम्ही काही देव नाही. तिनं ऐकून घेतलं नाही.

“पाय धुतल्याबिगर पाव्हणा देवाम्होरं हुबा करायचा न्हाई आमच्यात,” ती म्हणाली. “पानी नसलं म्हनून रीत सोडायची व्हय?”

आठ कलाकार होते. एकेकाला तिनं परातीत उभं केलं आणि वाकून पायांवर पाणी घातलं. थेंबसुद्धा बाहेर सांडला नाही. बाळासोसारखा वात्रट माणूस, पण त्याचेही डोळे भरून आले. लालासाहेबाला मात्र दुसरं काही दिसत नव्हतं. त्याला गुंडाचे ओले पाय दिसत होते. गुंडा परातीतून बाहेर पडताच त्यानं खाली बसून आपल्या टॉवेलानं ते पुसले, बोटांच्या बेचक्यांतून पुसले, टाचा पुसल्या, आणि हजार माणसांसमोर धाकट्या भावाचे पाय पुसताना त्याला काही वाटलं नाही. बायांनी परातीतलं पाणी घमेल्यात ओतून घेतलं आणि हरणाबाईनं ते घमेलं आपल्याजवळ ठेवून घेतलं. मग ती पुढच्या रांगेत धुळाच्या शेजारी जाऊन बसली.

कार्यक्रम सुरू झाला. मेन स्विच स्टेजच्या मागच्या खांबावर होता. लालासाहेब त्याच्यावर हात ठेवून उभा राहिला आणि डोळ्यांत तेल घालून गुंडाकडं बघत राहिला. जरा वेगळं काही दिसलं की स्विच खाली, असं त्यानं ठरवलं होतं. पहिल्या दोन गाण्यांत गुंडा खुंटासारखा उभा होता. बोटं बरोबर पडत होती, पण वाजवण्यात जीव नव्हता. बेस कुठं ऐकूच येत नव्हता. विजेला जोर नव्हता, त्यामुळं खोकं अर्धपोटी असल्यासारखं घुमत होतं. बाळासोनं मागं वळून डोळे वटारले. लालासाहेबानं लांबूनच हातानं सांगितलं की तसंच चालू दे.

दिवस कलायला लागला. सावल्या देवळाच्या ओट्यावर चढल्या. पाचवं गाणं झालं, सहावं झालं. कोरसला गुंडा माईकजवळ वाकला की लालासाहेबाचा श्वास अडायचा, आणि तो मागं झाला की सुटायचा. घोंगड्यावरून पाय हलत नव्हता. तासभर लालासाहेब एकाच जागी असा उभा होता. त्यानं मैदानाकडं बघितलं नाही, पहिल्या रांगेतून कोण उठलं, कोण बसलं, ते बघितलं नाही. त्याचं सगळं लक्ष त्या दोन कोरड्या पावलांवर होतं.

सातव्या गाण्याच्या मध्यावर बेस अचानक भरला. जाड तारेचा तो खालचा सूर फळ्यांतून लालासाहेबाच्या पायांत आला, छातीत आला. मैदानाच्या पार टोकाच्या माणसांनी माना वर केल्या. ड्रमवाला हसला. गुंडानं मागं वळून भावाकडं बघितलं, आणि त्याच्या तोंडावर असं काही होतं की लालासाहेबाला वाटलं, जमलं पोराला. दोन वर्षं घरात बसून शिकवलं ते आज हाताला आलं. जीव भांड्यात पडला त्याचा. आयुष्यात त्याला इतका आनंद क्वचितच झाला असेल. त्या आनंदातच त्याची नजर सहज वर गेली.

स्टेजवर टांगलेला बल्ब पांढराशुभ्र पेटला होता.

तो क्षणभर बघतच राहिला. मघापर्यंत तो पिवळा होता. मग भुई आताच कशी एवढा करंट प्यायला लागली? भुई पिते ती पाण्यानं. पाणी कुठून आलं? त्यानं पहिल्या रांगेकडं बघितलं. धुळा मान डोलावत बसला होता, आणि त्याच्या शेजारची जागा रिकामी होती. घमेलंही नव्हतं.

लालासाहेबानं स्विच खाली ओढला आणि धावला. मागं गाणं अर्ध्यावर तुटलं. गुंडाची बोटं मुक्या तारांवर आणखी थोडा वेळ चालत होती.

लिंबाजवळच्या काट्या एका बाजूला नीट उचलून ठेवलेल्या होत्या. हरणाबाई बुडाशी कलंडून पडली होती, ओल्या मातीत गुडघे टेकलेले, उजवा हात सळईवर, आधाराला धरल्यासारखा. घमेलं पालथं झालं होतं. लालासाहेबानं तिला ओढून उताणी केली, पलटणीत शिकवलं होतं तसं छातीवर दाब देत राहिला, नाडी बघितली, पुन्हा दाब देत राहिला. भोवती माणसं जमली, बायांनी हंबरडा फोडला, कुणीतरी म्हसवडच्या डॉक्टरला आणायला ट्रक काढला. लालासाहेबानं हात थांबवले नाहीत. शेवटी गुंडानंच मागून येऊन त्याचे दोन्ही खांदे धरले आणि त्याला बाजूला केलं.

धुळा बायकोच्या उशाशी बसला होता. रडत नव्हता. तिचा चिखलानं भरलेला हात पटक्याच्या शेवानं पुसत होता. बऱ्याच वेळानं त्यानं लालासाहेबाकडं पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, तेच लालासाहेबाला सोसेना.

“पोरगं भरती झालं त्या दिशी लावलं हुतं तिनं ह्ये,” धुळा म्हणाला. “भांडी धुतल्यालं, अंग धुतल्यालं, समदं पानी रोज दिवस कलला की हितंच घालती. वाडीतल्या बारक्या पोरालाबी ठावं हाय.”

लालासाहेबाची नजर लिंबाच्या बुडाकडं गेली.

“मगाशी पाय धुवाय येताना तिनं काटं बगितलं. मला म्हनली, त्या पलटनीच्या पाव्हण्यानं आपल्या झाडाला कुंपण क्येलं, लय मायेचा मानूस हाय.” मग धुळानं खरोखरच काही समजून घ्यायचं असल्यासारखं विचारलं, “पाव्हणं, तुमच्याकडं झाडास्नी पानी कोन घालतंय?”

“कोन न्हाई, मामा,” लालासाहेब म्हणाला. “आमच्याकडं कुनाला घालायाच लागत न्हाई.”